जळालेला वाडा पाडण्याआधी

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. कसबा पेठेतला दुमजली वाडा, महापालिकेच्या हेरिटेज यादीत श्रेणी तीन. रस्त्याकडच्या गाळ्यात शॉर्टसर्किट झालं आणि आग जिन्यातून माडीवर गेली. माडीचं छप्पर आणि मागच्या सोप्यावरचा (पडवीवरचा) कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-पाटांचं छत, जळालं. पुढची भिंत, तळमजल्याचे बहुतेक खांब आणि चौकाच्या तीन बाजू उभ्या आहेत. हिस्सेदार चार भाऊ, भाडेकरू दोन. महापालिकेची नोटीस आली आहे. ओळखीचे बिल्डर म्हणतात, "जागा मोकळी करून द्या, पुढचं आम्ही बघतो." शनिवारवाड्याचा तट घरापासून नव्वदेक मीटरवर आहे. तुम्ही विचारलंय की जुनं काढून त्याच जागी नवं घर बांधता येईल का आणि परवानगीला किती वेळ लागेल.

तुमचा प्रश्न नव्या घराचा आहे, पण सगळं अडतंय ते आज जे उभं आहे त्यापाशी. शनिवारवाड्यापासून नव्वद मीटरवरच्या जागेत उभ्या भिंती हा तुमचा सगळ्यात मोठा हक्क आहे. त्या एकदा पाडल्या की त्या जागेवर काहीही बांधायची परवानगी मिळणं जवळपास अशक्य होऊन बसेल. म्हणून बिल्डरला आज होकार देऊ नका. तो फसवतोय असं मी म्हणत नाही. तो बहुधा एकच नियम वाचून बोलतोय, आणि इथे दोन लागू आहेत.

पहिला नियम हेरिटेज यादीचा, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याखालच्या बांधकाम नियमावलीचा. श्रेणी तीन ही यादीतली सगळ्यात सैल श्रेणी. आतले बदल, वापरातले बदल, परिसराला शोभेल अशी वाढ, यांना तिथे साधारणपणे जागा असते. अपघाती आगीने बाधित झालेल्या इमारतीची पुनर्बांधणीसुद्धा या श्रेणीत विचारात घेतली जाते. आयुक्त हेरिटेज समितीचा सल्ला घेतात, रस्त्याकडची बाजू, उंची, छपराचा उतार यांवर अटी घालतात आणि परवानगी देतात. बिल्डरच्या डोळ्यापुढे हेच आहे आणि एवढंच असतं तर त्याचं म्हणणं बरोबर ठरलं असतं.

दुसरा नियम केंद्राचा, म्हणजे प्राचीन स्मारकांच्या कायद्याचा. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरचा पट्टा निषिद्ध क्षेत्र मानला जातो, त्यापुढचा 200 मीटरचा पट्टा नियंत्रित क्षेत्र. ही मापं 16 जून 1992 च्या अधिसूचनेतून आली आणि 2010 च्या दुरुस्तीने थेट कायद्यात बसली. याच कायद्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या केल्या आहेत: नवं बांधकाम, पुनर्बांधणी आणि दुरुस्ती-नूतनीकरण. पुनर्बांधणी म्हणजे आधी होती तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीची इमारत पुन्हा उभारणं. दुरुस्ती-नूतनीकरण म्हणजे असलेल्या इमारतीत केलेले फेरबदल. नियंत्रित क्षेत्रात तिन्ही गोष्टींसाठी अर्ज करता येतो. निषिद्ध क्षेत्रात मात्र फक्त दुरुस्ती-नूतनीकरणासाठी, आणि तेही इमारत 16 जून 1992 पूर्वीची असेल किंवा नंतर रीतसर परवानगीने बांधलेली असेल तरच. पूर्वी होतं तसंच्या तसं घरसुद्धा तिथे नव्याने उभारता येत नाही. परवानगीशिवाय काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिलेली आहे.

आता बिल्डरचं वाक्य पुन्हा वाचा. जागा मोकळी केली की दुरुस्त करायला काही उरत नाही. दुरुस्तीला पात्र असलेला वाडा एका आठवड्यात मोकळा भूखंड होतो आणि निषिद्ध क्षेत्रातल्या मोकळ्या भूखंडावर बांधकाम होत नाही. या भागात असे रिकामे पडलेले प्लॉट आहेत. आजूबाजूच्या लोकांना विचारा, ते दाखवतील.

म्हणून पहिलं काम अंतराचं. "नव्वदेक मीटर" हे कुठून कुठवर मोजलंत? मोजणी स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून होते आणि ती हद्द सरकारी नकाशावर असते. डोळ्यांना दिसणारा तट आणि नकाशावरची रेघ एकच असेल असं धरून चालू नका. तुमचा वाडा शंभरच्या आत आहे, बाहेर आहे की रेघ चौकातून जाते, यावर पुढचं सगळं ठरेल. सिटी सर्व्हेचा नकाशा आणि पुरातत्त्व खात्याकडची हद्द यांचा मेळ घालून मोजणी करून घ्या. मोबाइलवरच्या नकाशावर बोट ओढून काढलेला आकडा अर्जात चालत नाही. शंभरच्या बाहेर असाल तर पुनर्बांधणीचाही अर्ज करता येईल आणि माझ्या उत्तरातला अर्धा ताण हलका होईल. पुढचं मी तुम्ही आत आहात असं धरून लिहितो.

नोटिशीची भीती तुमच्या प्रश्नात जाणवली. महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 264 खालची धोकादायक इमारतीची नोटीस पाडण्याचा हुकूम असल्यासारखी वाचली जाते. त्या कलमात पाडणं आहे, तसंच इमारत सुरक्षित करणं आणि दुरुस्त करणंही आहे. नोटिशीला लेखी उत्तर द्या. त्यात तुम्ही टेकू लावलेत, रहिवासी हलवलेत, पुढचा फुटपाथ आणि गाळा बंद केलाय, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी चालू आहे, हे तारखांसह लिहा. इंजिनिअर असा शोधा ज्याने लाकूड, वीट आणि चुना यांवर काम केलंय. आरसीसीवर आयुष्य गेलेला माणूस जळका खांब बघून घाबरतो आणि इमारत सरळ सी-1 वर्गात टाकतो, म्हणजे तातडीने पाडा. हाच वाडा सी-2ए मध्येही बसू शकतो, म्हणजे रिकामा करून मोठी दुरुस्ती करा. या एका शेऱ्याने तुमचा हक्क राहतो किंवा जातो. अर्थात वाडा खरोखर ढासळत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, माणसांचा जीव आधी. पण तुम्ही वर्णन केलेलं नुकसान तसं वाटत नाही, आणि का ते सांगतो.

वाड्याचा भार लाकडी सांगाडा पेलतो. खांब, त्यावर तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर. भिंतींच्या पोटातही खांब असतात, वीट त्यांच्यामध्ये भरलेली असते. सागवानासारखं घट्ट लाकूड आगीत मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर या वेगाने कोळसा होत जातं आणि वरचा कोळसा आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. आठ इंची खांब तासभर चारही बाजूंनी जळला, तर दर बाजूने तीसेक मिलिमीटर कोळसा होईल. त्याखालचा तापून दुबळा झालेला थर आणखी काढला तरी पाच इंचांचा धड गाभा उरतो. चार इंची कडी तेवढ्याच वेळात जवळजवळ संपते. तुमचा कडीपाट गेला आणि खांब उभे राहिले, ते यामुळेच. जुन्या सुतारांनी खांब गरजेपेक्षा दणकट घेतलेले असतात, त्यामुळे उरलेला गाभा पुष्कळदा पुरतो. पुरतो की नाही हे मात्र मापून आणि गणित करूनच ठरवायचं, बघून नाही. कोळसा वाकसाने तासून टणक लाकूड लागेपर्यंत जायचं, बारीक गिरमिटाने चारी बाजूंनी भोक पाडून बघायचं आणि प्रत्येक खांबाची उरलेली जाडी नकाशावर लिहायची.

भिंतीत दडलेल्या खांबांना सगळ्यात जास्त वेळ द्या. उघडा खांब काय झालंय ते दाखवतो. भिंतीतला आतल्या आत धुमसत राहतो, आग विझल्यावरही. वरून गिलावा शाबूत दिसतो आणि आत पोकळी झालेली असते. जिन्याजवळच्या आणि गाळ्याला लागून असलेल्या भिंतीचा गिलावा पट्ट्यापट्ट्याने उतरवून प्रत्येक खांब डोळ्यांनी बघा. तळमजल्याचा असा एक खांब गेला असेल तर तो अख्ख्या छपरापेक्षा गंभीर मामला आहे, कारण त्याच्यावरची माडीची भिंत आता विटांच्या भरवशावर उभी आहे.

विटेची फार काळजी नको, ती भट्टीतून आलेली आहे. चुन्याच्या दरजांना गुलाबी छटा आलेली दिसली तर तिथे तापमान तीनशे अंशांच्या वर गेलं होतं असं समजा आणि तेवढा भाग खरवडून तपासा. जोत्याचा काळा दगड तापलेला असताना त्यावर बंबाचं पाणी पडलं असेल तर त्याचे पापुद्रे सुटतात, कोपरे उडतात. वरवरचे पापुद्रे चालतील, आरपार चीर चालणार नाही. मागच्या कुठल्या डागडुजीत लोखंडी तुळया घातल्या असतील तर त्या जरूर बघा. साडेपाचशे अंशांच्या आसपास लोखंडाची ताकद निम्म्यावर येते, आणि तापून लांब होताना तुळई भिंतीला बाहेर ढकलते. लाकडी तुळई टिकली आणि लोखंडी वाकली, हे जळालेल्या वाड्यांत नेहमी दिसतं.

आगीपेक्षा मला भीती पाण्याची वाटते. बंबांनी ओतलेलं पाणी मातीच्या थरात आणि मातीत रचलेल्या भिंतींमध्ये मुरलंय. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या मातीच्या भिंती खचत गेल्या, हे घरातल्या जुन्या माणसांनी तुम्हाला सांगितलं असेल. तुमच्या वाड्याचं छप्पर आता नाही, भिंतींची डोकी उघडी आहेत. पहिला मोठा पाऊस या भिंतींवर पडता कामा नये. वाड्यावर पत्र्याचं तात्पुरतं छत घाला, पण ते स्वतंत्र पायाडावर उभं करा, भिंतींवर टेकवू नका. उरलेल्या कडीपाटावर साचलेली ओली माती आणि राडारोडा हळूहळू, हाताने उतरवा. ओली माती कोरडीपेक्षा बरीच जड असते आणि अर्धवट जळालेल्या कड्या त्याच वजनाने तुटतात. भिंती सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. हीटर लावून सुकवायची घाई केली तर गिलावा सुटतो. आणि कृपा करून कुणालाही सिमेंटचा हात फिरवू देऊ नका. ओली चुन्या-मातीची भिंत सिमेंटने बंद केली की आतलं पाणी लाकडाकडे जातं आणि दोन-तीन पावसाळ्यांत खांब कुजतो.

राडारोड्याबद्दल आणखी एक. काहीही भंगारात देण्याआधी विमा कंपनीच्या सर्व्हेअरची पाहणी होऊ द्या, विमा असेल तर. महिरपी, तुळईखालचे कोरीव हस्त, दिंडी दरवाजा, गणेशपट्टी, अर्धे जळालेले सुरूदार खांब यांना क्रमांक घाला, फोटो काढा आणि कोरड्या जागी ठेवा. अर्धी जळकी महिरपही उरलेल्या अर्ध्यावरून सुताराला पुरी करता येते. ती विकली गेली तर नवी कशी करायची हे कुणीच सांगू शकणार नाही.

आता अर्जाकडे येऊ. दुरुस्तीचा अर्ज उभा राहतो दोन पुराव्यांवर: वाडा 1992 पूर्वीचा आहे आणि आगीपूर्वी तो नेमका केवढा होता. पहिल्यासाठी मालमत्ता पत्रक, सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, जुनी वीजबिलं. दुसऱ्यासाठी, म्हणजे उंची आणि छपराचा आकार यांसाठी, घरातले अल्बम काढा. चौकातल्या मुंजी आणि लग्नं, गॅलरीतून काढलेला गणपतीच्या मिरवणुकीचा फोटो, शेजारच्या गच्चीवरून काढलेला पतंगाचा फोटो. माडी किती उंच होती, कौलाचा उतार किती, खिडक्या किती, हे त्यावरून मापून काढता येतं. जळालेली माडी सरकारी कागदावर बऱ्याचदा नुसती "पहिला मजला" एवढीच असते, घरच्या फोटोत ती पूर्ण असते. अग्निशमन दलाचा दाखला आणि पोलिसांचा पंचनामा सोबत जोडा. आजच्या अवस्थेचं मोजमाप, शक्य असेल तर लेझर स्कॅन, टेकू लावायच्या आधी आणि नंतर करून घ्या.

वेळेबद्दल. कायद्यात लिहिलेल्या मुदती अशा: ज्याच्याकडे अर्ज द्यायचा त्या सक्षम प्राधिकाऱ्याने तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस करायची आणि त्यानंतर महिन्याभरात सक्षम प्राधिकाऱ्याने निर्णय कळवायचा. म्हणजे साडेतीन महिने. व्यवहारात हे घड्याळ कागद पुरे झाल्यावर सुरू होतं, म्हणून अपुरा अर्ज घाईने देण्यापेक्षा पुरा अर्ज पंधरवडा उशिरा दिलेला बरा. हेरिटेज समिती आणि बांधकाम विभाग यांच्याकडचं काम समांतर चालू ठेवा, पण तिघांकडे गेलेले नकाशे शब्दशः एकच असू द्यात. एका नकाशात "दुरुस्ती" आणि दुसऱ्यात "पुनर्बांधणी" लिहिलं गेलं तर फाइल तिथेच बसते.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. संपूर्ण गेलेलं छप्पर आणि मागच्या सोप्याचा मजला परत घालणं ही दुरुस्ती की पुनर्बांधणी, यावर वाद होऊ शकतो. भार घेणाऱ्या भिंती आणि खांब पूर्ण उंचीपर्यंत उभे असतील तर ही दुरुस्ती आहे हे पटवून देता येतं. मागची भिंत निम्मी पडली असेल तर तेवढ्या भागाचं उत्तर वेगळं येऊ शकतं. म्हणूनच आज उभ्या असलेल्या प्रत्येक भिंतीला टेकू देणं हे नुसतं सुरक्षेचं काम राहत नाही, अर्जाचाच तो पाया आहे.

काम सुरू झाल्यावर काय होतं तेही सांगतो, कारण "जुनं परत उभं राहतं का" ही शंका तुमच्या लिहिण्यात आहे. राहतं. खांबाचा जळका भाग कापून त्याच जाडीचं जुनं सागवान तिरक्या सांध्याने, लाकडी खुंट्या आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरून जोडता येतं. जुनं सागवान उतरवलेल्या वाड्यांमधून निघतं, भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये चौकशी करा. कड्या बहुतेक नव्या लागतील. पाटांवरचा मातीचा थर वजनाला नको म्हणून काढून टाकायचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो थर वरच्या मजल्याची आग खाली उतरायला उशीर करतो, त्यामुळे मी तो पातळ का होईना, पण ठेवतो. श्रेणी तीनमध्ये आत स्वच्छतागृहं, स्वयंपाकघर, चार भावांची चार स्वतंत्र दारं, हे सगळं करायला मोकळीक आहे. पुण्यात याचा मोठा दाखलाही आहे. 1879 च्या मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा दोन्ही पेटवले गेले. बुधवारवाडा आज कुठेही नाही. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग लोकवर्गणी आणि नगरपालिका यांच्या पैशातून पुन्हा उभा राहिला आणि आपण आजही त्याच्या लाकडी खांबांमधून चालतो.

भाडेकरूंना यातून वगळू नका. इमारत गेली की भाडेकरार संपतो असं हिस्सेदारांपैकी कुणीतरी नक्की म्हणेल. इमारत पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचा 2014 चा निकाल आहे. तुमच्या करारावर काय लागू होतं ते वकील बघतील. तरी त्यांच्याशी आजच लेखी समझोता करा की दुरुस्तीनंतर तेवढीच जागा परत मिळेल. ते मनाई हुकूम आणायला गेले तर पाऊस थांबणार नाही. चार हिस्सेदारांनीही एकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून द्यावं. चार सह्यांसाठी फाइल फिरते तेव्हा त्यातला एक भाऊ नेहमी परगावी असतो.

पैशाचं उत्तर मी आकड्यात देणार नाही, खांबांची तपासणी झाल्याशिवाय कुणीही दिलेला आकडा अंदाजच असेल. ज्या बांधकाम क्षमतेचा हेरिटेज बंधनामुळे वापर करता येत नाही तिच्यासाठी टीडीआरची, म्हणजे तो न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकण्याची, तरतूद आहे. तुमच्या श्रेणीला आणि तुमच्या जागेला ती कितपत लागू होते ते आर्किटेक्टकडून लेखी घ्या, कारण दुरुस्तीच्या खर्चाचा काही वाटा त्यातून निघू शकतो. आणि चौघांनाही मनापासून फ्लॅटच हवे असतील तर तेही स्पष्ट बोला. निषिद्ध क्षेत्रात ते होणार नाहीत, हे आजच स्वीकारलेलं बरं. वाडा दुरुस्त होऊन विकला तर त्याला किंमत आहे. मोकळ्या, बांधता न येणाऱ्या जागेला फारशी नाही.

परत राहायला जाल तेव्हा वायरिंग नव्याने, लोखंडी नळीतून करा, लाकडावर उघडी वायर नको. गाळ्याचं मीटर आणि घराचं मीटर वेगळं, दोन्हीकडे गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर. गाळा आणि जिना यांच्यामध्ये विटेची भिंत आणि जाड दार. या आगीला वाट जिन्यानेच दिली.

नोटिशीच्या उत्तराची मुदत कधी संपते ते आधी बघा. त्या तारखेच्या आत इंजिनिअरची पहिली भेट आणि टेकूंचे फोटो हातात हवेत. तुमच्याकडून अंतराची मोजणी आणि भिंतीतल्या खांबांची स्थिती कळली की मागच्या सोप्याबद्दल मला आणखी नेमकं सांगता येईल.